नववा रकाना

सुपडू पाणीवाल्याबद्दल लिहायचं म्हणून मी तीन वेळा कागद घेऊन बसलो. तीनही वेळा वर तारीख घातली, जावक क्रमांकासाठी जागा सोडली आणि थांबलो. छत्तीस वर्षं रेल्वेच्या एका कचेरीत कारकुनी केली, हाताला तेवढंच लिहिणं माहीत. आता भुसावळच्या आम्हा निवृत्त मंडळींची स्मरणिका निघायची आहे आणि प्रत्येकाने नोकरीतली एक आठवण द्यावी असं ठरलं आहे. बाकीच्यांकडे संप आहेत, पूर आहेत, साहेबांच्या गमती आहेत. माझ्याकडे एक माणूस आहे, आणि मी त्याचं काय केलं ते आहे. जमेल तसं लिहितो.

चाळीसगावहून धुळ्याला पॅसेंजर जाते, त्या लायनीवर मध्ये एक लहान स्टेशन आहे. नाव लिहीत नाही, कारण चूक स्टेशनाची नव्हती. एक फलाट, पत्र्याची शेड, मास्तरांची खोली, एक कडुलिंब आणि फलाटाच्या टोकाला रेल्वेची विहीर. त्या पट्ट्यात सगळीकडे मचूळ पाणी. ही एवढी एक विहीर गोड. तेव्हा त्या लायनीवर कोळशाचं इंजिन होतं. ते इथे पाणी घ्यायचं, म्हणून गाडी दहा-बारा मिनिटं थांबायची. तेवढ्या वेळात सुपडू अख्खी गाडी पाजायचा.

धुळे ही माझी सासुरवाडी. त्यामुळे त्याचं पाणी मी कित्येक वर्षं, त्याचं नावही माहीत नसताना, प्यायलो होतो. काळासावळा, उंच, खांद्यावर कावड, कावडीला दोन बादल्या, हातात लांब तोटीची पितळी झारी. "ल्या, पानी ल्या!" अशी हाक यायची आणि खिडक्यांमधून हात बाहेर निघायचे. तो शेवटच्या डब्यापासून सुरुवात करायचा. लेकुरवाळ्या बायांना आधी, ड्रायव्हरला सगळ्यांत शेवटी. तोटी कोणाच्या हाताला लागू द्यायचा नाही आणि कोणाला जातपात विचारायचा नाही. इंजिनासाठी पंपाने चढवलेली टाकी होती, पण टाकीतलं पाणी त्याने माणसाला कधी दिलं नाही. ते पाणी इंजिनाचं. माणसाला विहिरीतून दोराने ओढलेलं, ताजं.

"सुपडूआबा, आधी इकडं!" कोणीतरी ओरडायचं.

"पानी काय पयी जात नही, भाऊ."

"पानी नही पयत, पन गाडी पयी जाई ना!"

पाणी पळत नाही, पण गाडी पळून जाईल ना, यावर सगळा डबा हसायचा. तोही हसायचा, पण क्रम बदलायचा नाही.

सुपडू हे नाव आमच्याकडे उगीच ठेवत नाहीत. आधीची दोन मुलं गेली, म्हणून हा जन्मल्याबरोबर त्याच्या आईने त्याला सुपात घालून उंबऱ्यावरून ओढला होता. ती म्हातारी अजून होती. दोन्ही डोळे गेलेले, स्टेशनापासून मैलभरावरच्या गावात घर आणि दोन बिघे कोरडवाहू. सुपडू आणि त्याची बायको भागाबाई विहिरीशेजारच्या रेल्वेच्या खोलीत राहायचे आणि आळीपाळीने गावात जाऊन म्हातारीचं बघायचे.

आता माझं.

सत्याऐंशी सालच्या मार्चमध्ये आमच्याकडे नवे साहेब आले. हुशार, तरुण, वाचणारे. त्यांच्याकडे कुठलं तरी परदेशी मासिक होतं. त्यात निरनिराळ्या देशांच्या रेल्वेचा तक्ता होता: प्रवासी गाड्यांच्या कामावर तीस वर्षांपूर्वी किती माणसं होती आणि आता किती आहेत. साहेबांनी मला तो तक्ता मोठ्या कागदावर रेघांनी काढायला सांगितला. माझं अक्षर बरं होतं. मी सहा रंगांची शाई आणली, रविवारी घरी बसून काढला. इंग्लंड हिरवं, फ्रान्स निळं, जर्मनी जांभळं, जपान तांबडं, असं. सगळ्या रेघा खाली उतरत होत्या. कोणी उतारावरून चालल्यासारखी, कोणी जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखी. आपली तेवढी काळी रेघ अजून वर चढत होती.

साहेबांनी तक्ता भिंतीवर लावला. लांबून पाहिला, जवळून पाहिला आणि म्हणाले, "चौधरी, हात फार चांगला आहे तुमचा."

एवढ्या नोकरीत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. मी घरी येऊन बायकोला, मंदाबाईला सांगितलं.

"मग पगार वाढला का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग हात चांगला आहे ते मला माहीत आहे. तेवढे कपाटावरचे डबे काढून द्या."

ती असं म्हणाली तरी माझ्या डोक्यात ते शब्द बरेच दिवस राहिले. पुढचं सगळं त्यातून झालं असं मला वाटतं. कदाचित हे सबब सांगणंही असेल.

साहेबांचं म्हणणं, आपली रेघ वर का चाललीय ते शोधलं पाहिजे. प्रत्येक लहान स्टेशनातल्या प्रत्येक पदाचं काम मोजा. त्यासाठी एक फॉर्म आला. अकरा रकाने. नवव्या रकान्यात लिहायचं होतं: दररोज सेवा दिलेल्या प्रवाशांची सरासरी संख्या. धुळे लायनीवरची स्टेशनं माझ्याकडे आली.

कचेरीत काम केलेल्यांना एक गोष्ट सांगायला नको, पण इतरांसाठी लिहितो. रकाना कोरा ठेवायचा नाही. कोरा ठेवला की कागद आक्षेपासह परत येतो. लिहिण्यासारखं काही नसलं की तिथे लिहायचं 'निरंक'. इंग्रजीत 'निल' लिहायचो, मग राजभाषेचा आग्रह झाला आणि 'निरंक' लिहायला लागलो. माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द बहुधा हाच असेल.

मे महिन्यात त्या स्टेशनात उतरलो. स्टेशन मास्तर मोतीलाल म्हणून होते, गोलमटोल, बोलघेवडे. त्यांनी टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला आणि स्वतः वहीने वारा घेत बसले. पोर्टरचं, फाटकवाल्याचं काम लिहून झालं. मग त्यांनी सुपडूला हाक मारली. तो धोतराला हात पुसत आला आणि दारातच उभा राहिला.

"सुपडू, हे भाऊसाहेब तुझं काम लिहायला आलेत. नीट सांग."

मी विचारलं, "रोज किती लोकांना पाणी देता?"

"जितला मांगतस तितलाले." जेवढे मागतात तेवढ्यांना.

"तसं नाही. आकडा पाहिजे."

त्याने जीभ चावली आणि कानाच्या पाळीला हात लावला. "भाऊसाहेब, देयेल पानी मोजानं नही. मनी मायनी सांगेल शे. मोजं का हेर आटस."

दिलेलं पाणी मोजायचं नसतं, मोजलं की विहीर आटते. हे मी आमच्या फैजपूरकडेही आजीकडून ऐकलं होतं. भिकाऱ्याला वाढलेलं पीठ आणि तहानलेल्याला दिलेलं पाणी मोजत नाहीत. पण ऐकलेलं आणि फॉर्म यांची कधी गाठ पडेल असं वाटलं नव्हतं.

"अंदाजे सांगा."

"अंदाज बी मोजनंच शे ना?"

मोतीलाल हसले. "अहो चौधरी, दोनशे टाका. कोण मोजायला येणार आहे?"

"खोटं कसं लिहू, मास्तर?"

"मग चारशे टाका. मोठं खोटं लवकर खरं वाटतं."

बाहेर विहिरीवर रहाट करकरत होता. भागाबाई पाणी ओढत होती. गाडीच्या आधी बादल्या भरून रांगेत ठेवायच्या हे तिचं काम होतं. काम म्हणजे, पगार सुपडूला होता. तिला कोणी सांगितलेलं नव्हतं आणि कोणी नेमलेलं नव्हतं. ती तिथूनच मोठ्याने म्हणाली, "त्यास्ले काय इचारतस, भाऊसाहेब? पुन्य त्यास्नं शे, कंबर मनी शे!" पुण्य त्यांचं, कंबर माझी.

"दखा, साहेबसमोर बी चालू!" सुपडू म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

मी बाहेर येऊन विहिरीजवळ उभा राहिलो. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाच्या उभ्या रेघा होत्या. पुष्कळ, ओळीने, खालपासून हाताच्या उंचीपर्यंत. मी मोतीलालना विचारलं, हे काय. ते म्हणाले, "काही तरी बायकी असेल. गोवऱ्या मोजत असेल." मी मान हलवली. मी एवढंच विचारलं आणि तेही मास्तरांना. ती चार पावलांवर उभी होती.

"किती नोकरी राहिली?" मी सुपडूला विचारलं.

"सहा वरीस. बठ्ठं आठेच काढानं शे." सगळी इथेच काढायची आहे. मग गावाच्या दिशेला हात करून म्हणाला, "माय शे ना. तिले कोठे लई जाऊ? तिले ह्याच हेरनं पानी लागस."

दुपारची गाडी आली. मी ठरवलं की आपणच मोजू. लिंबाच्या आडोशाला उभा राहिलो आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागलो. बायांचा डबा, मग पुढचा. एक ओंजळ एक माणूस. एक्केचाळीसपर्यंत आलो. तेवढ्यात सुपडूचं लक्ष गेलं. तो कावड खाली ठेवून सरळ माझ्याकडे आला. रागावला नव्हता. एखाद्याच्या पायाखाली भाकरी येत असली तर आपण जसं घाईने थांबवतो, तसं त्याने केलं.

"भाऊसाहेब, हात पुढे करा. मोजाना हात पेवाले लावा."

मी ओंजळ पुढे केली. त्याने झारी वाकवली. मोजायचा हात पिण्यात गुंतला, आकडा गेला. मी पुन्हा मोजलं नाही. मला लाज वाटली होती. आणि खरं सांगायचं तर त्या उन्हात ते पाणी इतकं गार होतं की मोजण्याचं काही वाटेना.

त्याच गाडीने मी धुळ्याला गेलो आणि दुसऱ्या दिवशी भुसावळला परतलो.

कचेरीत फॉर्म भरायला बसलो. सगळं सुबक झालं. सुपडूच्या ओळीत नवव्या रकान्याशी येऊन थांबलो. दोनशे लिहिलं तर खोटं होतं आणि मला खोटं लिहायचं नव्हतं. याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला असेल. कोरा ठेवला तर कागद परत येणार. खाली एक चिठ्ठी जोडता आली असती: 'मोजणी झालेली नाही, काम भरपूर आहे.' पण मग साहेब विचारणार, मोजणी का झाली नाही, तुम्हाला कशाला पाठवलं होतं? तिथे मी काय सांगणार होतो? विहीर आटते म्हणून? साहेब हसले असते. हात चांगला असलेला माणूस मग कुठे राहिला असता?

मी लिहिलं, 'निरंक'.

माझ्या मनात होतं की आकडा नाही. पण कागदावर त्याचा अर्थ होतो की कोणीच नाही. रोज शून्य प्रवासी. हे मला कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. मी त्याकडे पाहिलं नाही, एवढंच. र वरचा अनुस्वार नीट वाटोळा आला का ते मात्र पाहिलं होतं.

सात-आठ महिन्यांनी कमी करायच्या पदांची यादी निघाली. ती टाइप होऊन माझ्याच टेबलावरून गेली. पाणीवाला, एक पद, सेवा दिलेले प्रवासी निरंक, सबब अनावश्यक. रेल्वेत माणसाला घरी पाठवत नाहीत, त्याचं पद जातं आणि माणूस जादा ठरतो. जादा माणसाला जिथे जागा असेल तिथे पाठवतात. सुपडूला भुसावळच्या यार्डात डबे धुण्याच्या कामावर पाठवलं.

हजर व्हायला आला तेव्हा तो आधी माझ्याकडे आला. भुसावळात त्याच्या ओळखीचा मीच एक. हातात हुकमाचा कागद, डोक्यावर टोपी, धुतलेला सदरा. माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मी बसा म्हटलं तरी बसला नाही.

"भाऊसाहेब, मनं काय चुकनं?"

"तुमचं काही चुकलं नाही."

"मंग आठे काय लिखेल शे?" त्याने कागद पुढे केला. बोट नेमकं त्या शब्दाजवळ होतं, पण ते योगायोगाने. त्याला वाचता येत नव्हतं.

मी म्हणालो, "ते वरून आलंय."

"वरथीन म्हंजे कोठथीन?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. चिठ्ठी लिहिता आली असती, साहेबांकडे नेता आलं असतं, माझी चूक झाली म्हणता आलं असतं. त्या वेळी कागद ताजे होते. चार लोक ऐकत होते. मी मान वर केली आणि समोर भिंतीवर माझा तक्ता दिसला.

"ते पाहा," मी म्हणालो. "हा इंग्लंड देश. हा फ्रान्स. हा जपान. सगळ्या जगात रेल्वेची माणसं कमी होताहेत. एकट्या तुमचंच नाही."

तो तक्त्याजवळ गेला. कागदाला हात लागू नये म्हणून हात मागे बांधले. तांबडी रेघ डोळ्यांनी वरून खालपर्यंत उतरला, मग निळी, मग हिरवी. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने म्हणाला, "या देशेस्मा गाडीमा बठनारास्ले तीस लागत नही का?"

तीस म्हणजे तहान. त्या देशांत गाडीत बसणाऱ्यांना तहान लागत नाही का, असं तो विचारत होता. आजूबाजूचे कारकून हसले. शेजारच्या टेबलावरचा पुना म्हणाला, "घ्या चौधरी, आता याचीही एक रेघ काढा!" मीही हसलो.

त्या हसण्याबद्दल जास्त लिहवत नाही.

सुपडू थोडा गोंधळून हसला, आपण काही विनोदी बोललो असं समजून. मग म्हणाला, "भागा एकटी पडी गई, भाऊसाहेब. मायनं बी तिनंच करानं." आणि रामराम करून गेला.

यार्डात त्याच्या हातात रबरी नळी आली. दिवसभर उभ्या गाड्यांचे डबे धुवायचे. माझा घरी जायचा रस्ता त्या लायनीच्या कडेने होता. एकदा त्याने मला पाहिलं आणि नळी बाजूला धरून ओरडला, "भाऊसाहेब, आते लोखंडले पानी पाजस!" त्यात तक्रार नव्हती. मी हात केला. दुसऱ्या दिवसापासून मी पुलावरून जायला लागलो. त्यात दहा-बारा मिनिटं जास्त लागायची. गुडघे दुखायचे तरी निवृत्त होईपर्यंत मी पुलावरूनच गेलो.

तरी त्याने मला सोडलं नाही. महिन्यातून एकदा तो गावी जायचा. येताना विहिरीच्या पाण्याचा एक पत्र्याचा डबा भरून आणायचा आणि आमच्या घरी देऊन जायचा. मी घरी नसतानाच बहुधा यायचा, किंवा मी आतल्या खोलीतून बाहेर यायचो नाही. मंदाबाई डबा रिकामा करून परत द्यायची.

"कोण हो हा?" तिने एकदा विचारलं.

"ओळखीचा आहे. धुळे लायनीवरचा."

"एवढ्या लांबून डोक्यावर पाणी आणतो. तुम्ही त्याचं काही तरी भलं केलेलं दिसतं."

"काही नाही केलं," मी म्हणालो. तिला वाटलं मी संकोचाने म्हणतोय. मी फार बोलत नाही हे तिला माहीत आहे, त्यामुळे तिने पुढे विचारलं नाही. ते पाणी मी प्यायचो. गोडच होतं.

नव्वद साली त्याची आई गेली. तार मिळून तो गाडीत बसून पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. हे मला पुनाने सांगितलं. मी भेटायला गेलो नाही. त्याच वर्षी मी निवृत्त झालो. त्र्याण्णव साली तो निवृत्त होऊन गावी गेला. जाताना डबा घेऊन आला होता म्हणे. मी डॉक्टरकडे गेलो होतो. या वेळी खरोखरच गेलो होतो.

कधी कधी मनाची समजूत घालायला बरं वाटतं की पद तसंही गेलंच असतं. पुढे त्या लायनीवरचं कोळशाचं इंजिन गेलं, डिझेल आलं. डिझेलला पाणी लागत नाही, म्हणून गाडी त्या स्टेशनात दोन मिनिटं थांबायला लागली. दोन मिनिटांत कोणाला पाजणार? फलाटावर नळ बसला. हे माझ्या एका मित्रानेही मला समजावलं, तू नसतास तरी तीन-चार वर्षांत हेच झालं असतं. खरं आहे. पण ती तीन-चार वर्षंच तर त्याला हवी होती. तेवढ्यात म्हातारी गेली असती, मुलाच्या हातचं पाणी पिऊन.

गेल्या वर्षी, म्हणजे शहाण्णवच्या मे महिन्यात, मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला धुळ्याला गेलो होतो. तिथे लग्नात कोणाच्या तरी तोंडून कळलं की सुपडू पंच्याण्णवच्या थंडीत गेला. परतताना मी मंदाबाईला नातेवाइकांबरोबर पुढे पाठवलं आणि त्या स्टेशनात एकटा उतरलो. नळाखाली चिखल नव्हता, म्हणजे नळाला पाणी नव्हतं. विहिरीवर लोखंडी जाळी होती. खोली पडलेली, भिंत अर्धी उरलेली, चुन्याने रंगवून तिच्यावर कुटुंबनियोजनाची जाहिरात लिहिलेली. मैलभर चालत गावात गेलो. डोक्यावर रुमाल होता तरी दोनदा सावली धरून बसावं लागलं.

भागाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. वाकली होती, पण डोळे तसेच. मी नाव सांगितलं तरी तिने ओळखलं नाही. मग पाण्याचा तांब्या पुढे ठेवताना एकदम म्हणाली, "मोजता मोजता थांबनात, त्या भाऊसाहेब का तुम्ही?"

मी हो म्हटलं.

"त्या नेहमी सांगेत," ती म्हणाली. म्हणजे सुपडू. "बठ्ठा साहेबस्मा तोच एक भला मानूस. सांगं तसा थांबना. नहीते साहेब लोके आयकतस का?"

माझ्या हातात तांब्या होता. तो खाली ठेवला. एवढी वर्षं तो मला त्याबद्दल पाणी आणून देत होता. मला वाटलं होतं, नुसती ओळख म्हणून.

मग मी तिला सांगितलं. फॉर्म, रकाना, निरंक, सगळं. कचेरीच्या भाषेतच सांगायला लागलो, दुसरी येत नव्हती.

"माले कागदनं समजस नही. सरळ सांगा."

"मी लिहिलं की सुपडू रोज कोणालाच पाणी देत नाही."

"कोनलेच नही?"

"कोणालाच नाही."

ती शेंगा फोडायची थांबली. मला वाटलं रडेल किंवा शिव्या देईल. मी दोन्हीची तयारी करून आलो होतो.

"सव्वीस," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"उन्हायामा सव्वीस बादल्या. पानकाळामा नऊ-दहा. मीच ओढू ना. भितवर रेघा मारू, रोज."

"पण सुपडू म्हणाले होते, पाणी मोजायचं नसतं..."

"देयेल पानी मोजानं नही," लहान मुलाला सांगावं तसं ती म्हणाली. "भरेल मोजतस. नहीते दोर कव्हय बदलाना, ते कसं समजी? दोर तुटना का बादली जास हेरमा."

दिलेलं मोजायचं नाही, भरलेलं मोजतात. दोर किती बादल्यांनी झिजतो ते कळावं म्हणून तिने वर्षानुवर्षं रोजच्या बादल्या भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या. मी त्या भिंतीसमोर उभा राहून, हातात फॉर्म धरून, आकडा शोधत होतो. तिच्यासाठी माझ्या अकरा रकान्यांत रकाना नव्हता, म्हणून ती मला दिसली नाही.

"तुम्ही त्यास्ले इचारं," ती म्हणाली. "मास्तरले इचारं. माले कोठे इचारं?"

त्यांना विचारलंत, मास्तरांना विचारलंत, मला कुठे विचारलंत? तिने पुन्हा शेंगा पुढे ओढल्या. मी थोडा वेळ बसलो, मग उठलो. आपल्याकडे निघताना 'येतो' म्हणतात. माझ्याने म्हणवलं नाही, आणि तीही 'या' म्हणाली नाही.

स्टेशनात परतलो तेव्हा चाळीसगावची गाडी यायला अवकाश होता. मी उरलेल्या अर्ध्या भिंतीजवळ गेलो. नखाने थोडा चुना खरवडून पाहिला. खाली काळं काही दिसलं, पण त्या रेघा होत्या की नुसती काजळी, हे सांगता यायचं नाही. गाडी आली, दोन मिनिटं थांबली. एका खिडकीतून एका बाईने रिकामा गडवा बाहेर काढून फलाटावर इकडेतिकडे पाहिलं आणि गाडी हलल्यावर आत घेतला.

साल सत्याऐंशी. पद पाणीवाला, संख्या एक. रकाना नववा: उन्हाळ्यात रोज सव्वीस बादल्या, पावसाळ्यात नऊ ते दहा. माहिती देणार, भागाबाई. ज्या कागदावर हे लिहायचं होतं तो कधीच रद्दीत गेला असेल, म्हणून इथे लिहिलं.